‘गेट’च्या पुढे कोण उभं आहे ते आधी बघा

माझी एक विद्यार्थिनी नर्स होऊन इंग्लंडला गेली. पहिल्याच आठवड्यात वॉर्डमधली सिनियर नर्स दोन्ही हातांत ट्रे घेऊन आली आणि हिला म्हणाली, ‘कॅन यू गेट द डोअर?’ आमची मुलगी दाराकडे बघत उभी. शेवटी त्या बाईने कोपराने दार ढकललं. रात्री मला फोन आला, ‘बाई, दार कसं आणायचं हो?’

चूक तिची नव्हती, माझी होती. मी 31 वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि दर वर्षी फळ्यावर तेच लिहिलं: गेट, गॉट, गॉट, मिळणे, मिळवणे, आणणे. मुलांनी पाठ केलं, परीक्षेत गुण घेतले आणि बाहेर पडल्यावर अडकली. निवृत्तीनंतर कराडात घराच्या ओसरीवर संध्याकाळची शिकवणी सुरू केली, तेव्हा ते अर्थ लिहिणं बंद केलं. आता काय करते ते इथे सांगते. शिकणाऱ्यालाही उपयोगी पडेल आणि घरी मुलांना शिकवणाऱ्यालाही.

आधी आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, दूध पातेल्याला लागतं, पोराला मोबाइलचा नाद लागतो, घाटात बस लागते आणि फलाटालाही बसच लागते. यातला एकही अर्थ आपण पाठ केलेला नाही. शेंबडं पोरसुद्धा चुकत नाही. का चुकत नाही? कारण ‘लागते’ कानावर पडायच्या आधी ‘भूक’ पडलेली असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ते येईपर्यंत सगळा उलगडा झालेला असतो, क्रियापद नुसतं येऊन शिक्का मारतं.

इंग्रजीत उलटं आहे. ‘गेट’ आधी येतं आणि त्याचा उलगडा करणारा शब्द मागून येतो. मराठी माणूस ‘गेट’ ऐकल्या ऐकल्या मनात ‘मिळालं’ असं म्हणून मोकळा होतो आणि मग पुढचा शब्द त्यात बसत नाही म्हणून गोंधळतो. म्हणून माझा पहिला नियम: ‘गेट’ ऐकलं की अर्थ ठरवू नका, एक शब्द थांबा. पुढे कोण उभं आहे? वस्तू, गुण, जागा, क्रियापदाचं तिसरं रूप, की ‘टु’? तो पुढचा गडी अर्थ सांगतो.

उच्चाराचं एवढंच. आपल्या कंपाउंडचं गेट आणि हे ‘गेट’ देवनागरीत सारखंच दिसतं, पण बोलताना वेगळं आहे. क्रियापदातला ए ‘पेन’ किंवा ‘टेन’मधल्यासारखा तोकडा. फाटकातला ए ‘केक’मधल्यासारखा लांबट, शेवटी किंचित ‘इ’कडे झुकणारा. आपण दोन्ही एकाच मापाने बोलतो, म्हणून फोनवर समोरचा कधीकधी ‘पार्डन?’ म्हणतो.

पुढे वस्तू असेल तर प्रश्न एकच विचारायचा: वस्तू आपल्याकडे चालत आली, की आपण तिच्याकडे गेलो? ‘आय गॉट अ लेटर’, पत्र आलं. ‘आय गॉट सम मिल्क’, दूध घेऊन आलो. क्रियापद तेच, पण पत्र आपसूक येतं आणि दुधाला डेअरीवर जावं लागतं, हे आपल्याला जगाचा अनुभव सांगतो. दोन नामं ओळीने आली, म्हणजे ‘गेट मी अ पेन’, की पहिलं माणसाचं आणि दुसरं वस्तूचं: मला पेन आणून दे. इथे ‘ब्रिंग’शी फरक लक्षात ठेवा. ‘ब्रिंग’मध्ये माणूस येताना वस्तू घेऊन येतो, ‘गेट’मध्ये तो इथून उठतो, जातो आणि घेऊन परत येतो. स्वयंपाकघरातून मीठ आण, हे ‘गेट’. उद्या येताना वही आण, हे ‘ब्रिंग’.

आजारही वस्तूसारखाच बसतो. ‘आय गॉट अ कोल्ड’, सर्दी झाली. आणि दार? दार, फोन, हॉटेलचं बिल ही एका पंगतीतली मंडळी. ती हाक मारतात आणि कुणीतरी पुढे होऊन निस्तरायचं असतं. घंटा वाजली की ‘आय विल गेट इट’ म्हणजे मी बघतो कोण आहे. फोन वाजला तर मी उचलतो. बिल आलं तर मी देतो. शेवटचं वाक्य मित्राच्या तोंडून ऐकलंत तर लगेच ‘थँक यू’ म्हणा, उलगडा करत बसू नका.

‘हॅव गॉट’ हे मात्र वेगळं प्रकरण आहे. ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ याचं भाषांतर एका पोराने केलं होतं, ‘मला दोन भाऊ सापडले.’ जत्रेत हरवलेल्या भावांची गोष्ट वाटावी. ‘हॅव गॉट’ म्हणजे नुसतं ‘आहेत’, आणि ते आत्ताच्या गोष्टीसाठी. लहानपणी सायकल होती हे सांगायला साधं ‘हॅड’ पुरतं. अमेरिकेत आणखी एक गंमत आहे. तिथे तिसरं रूप ‘गॉटन’ असंही चालतं. तिकीट खिशात आहे तर ‘आय हॅव गॉट अ टिकेट’, खटपट करून मिळवलं तर ‘आय हॅव गॉटन अ टिकेट’. ‘गॉटन’ कानाला अडाणी वाटतं म्हणून हसू नका. ते जुनं इंग्रजी रूप आहे, अमेरिकेने टिकवलं आणि इंग्लंडने टाकलं. ‘फरगॉटन’मध्ये ते इंग्लंडातही अजून शाबूत आहे.

मुळात हा सुटा ‘गेट’ इंग्रजांच्या घरचा नाहीच. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडून जहाजांतून आलेले व्हायकिंग उत्तर आणि पूर्व इंग्लंडात स्थायिक झाले, त्यांच्या बोलीतला ‘गेटा’. ‘टेक’, ‘एग’, ‘स्काय’, ‘विंडो’, इतकंच काय ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांचंच. पाहुणा येऊन घराचा कारभारी झाला, असं मी वर्गात सांगते. मुलांना ते लक्षात राहतं, व्याकरण राहत नाही.

पुढे गुण असेल तर ‘गेट’ म्हणजे होणे, बदलणे. ‘इट इज गेटिंग डार्क’, अंधार पडायला लागलाय. ‘ही गॉट अँग्री’, चिडला. ‘वी गॉट वेट’, भिजलो. ‘इट इज गेटिंग लेट’, उशीर होतोय. मराठीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे: पडणे, चिडणे, भिजणे, दमणे. इंग्रज सगळीकडे ‘गेट’ लावून गुण बदलतो. ज्याचा शब्दसाठा बेताचा आहे त्याला ही मोठीच सोय. ‘दमणे’साठी क्रियापद आठवेना? ‘टायर्ड’ येतं ना? मग ‘गेट टायर्ड’.

इथे आपण एक चूक हटकून करतो. ‘आय ॲम मॅरीड इन 2009.’ मराठीत ‘माझं लग्न झालंय’ आणि ‘माझं लग्न 2009 मध्ये झालं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे आपल्याला नीट ठाऊक असतं, पण इंग्रजीत दोन्हींना ‘ॲम मॅरीड’ लावतो. स्थिती सांगायची तर ‘आय ॲम मॅरीड’. घटना सांगायची, साल-तारीख द्यायची, तर ‘आय गॉट मॅरीड इन 2009’. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं झालं तर ‘विथ’ नाही, ‘टु’. आमच्या ओसरीवर नाव घ्यायचा कार्यक्रम इंग्रजीतून होतो. उखाणा कुणालाच जमत नाही, पण ‘गॉट मॅरीड टु’ पक्कं होतं.

पुढे जागा असेल तर पोहोचणे. ‘व्हेन डिड यू गेट टु पुणे?’ इथे आपली अदलाबदल होते. ‘रीच’ला ‘टु’ लागत नाही, ‘गेट’ला लागतो. आपण ‘रीच’ला चिकटवतो आणि ‘गेट’चा विसरतो. ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ या तिघांना मात्र ‘गेट’सोबतही ‘टु’ नाही: ‘आय गॉट होम ॲट टेन’. वाहनात चढायचं तर साधी खूण अशी: ज्यात उभं राहून चालता येतं त्यात ‘गेट ऑन’, ज्यात वाकून शिरून बसावं लागतं त्यात ‘गेट इन’. म्हणून एसटी, रेल्वे, विमान ‘ऑन’. रिक्षा आणि कार ‘इन’. मोटरसायकलवर आणि घोड्यावर टांग टाकायची, तेही ‘ऑन’. उतरताना ‘गेट ऑफ’ आणि ‘गेट आउट ऑफ’. आपल्याकडे कंडक्टरला ‘आय वाँट टु गेट डाउन ॲट स्वारगेट’ म्हटलेलं कळतं, ते भारतीय इंग्रजी म्हणून चालूही द्यावं. लंडनच्या बसमध्ये मात्र ‘गेट ऑफ’ म्हणा. तिथे कुणी ओरडून ‘गेट डाउन!’ म्हणालं तर खाली वाका, काहीतरी डोक्यावर येतंय.

आता खरा भाग. इथे घाई करू नका.

मराठीत आपण म्हणतो, ‘मी काल केस कापले.’ कापले न्हाव्याने, पण म्हणतो मी कापले, आणि कुणाचा गैरसमज होत नाही. ‘मी दात काढला’, काढला डॉक्टरने. ‘डोळे तपासले’, ‘गाडी धुतली’, ‘ब्लाउज शिवला’. हे जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की घोटाळा. ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की समोरच्याला वाटतं, याने आरशापुढे उभं राहून स्वतःच कात्री चालवली. ‘आय रिमूव्ह्ड माय टूथ’ ऐकून तर माणूस दचकेल, याने पक्कड घेऊन दात उपटला की काय.

यावर ‘गेट’ आहे. क्रम पाठ करा, अर्थ नको: गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘आय गॉट माय हेअर कट.’ ‘आय गॉट माय टूथ टेकन आउट.’ ‘आय गॉट माय आइज टेस्टेड.’ ‘आय गॉट द ब्लाउज स्टिच्ड.’ मराठीत ‘करवून घेतलं’ हे रूप आहेच, पण रोजच्या बोलण्यात आपण ते वापरत नाही, तिथेच फसतो. या जागी ‘हॅव’ही चालतं, ‘आय हॅड माय हेअर कट’, जरा नीटनेटकं वाटतं इतकंच. मी मुलांना गेल्या महिन्यात दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या दहा कामांची यादी मराठीत करायला लावते. पिठाच्या गिरणीपासून पंक्चरपर्यंत सगळं येतं त्यात. मग ती दहा वाक्यं या साच्यात घालायची. एका टेम्पोवाल्याची पहिली चार वाक्यं टेम्पोचीच होती: टायर बदलून घेतलं, ब्रेक बघून घेतले, पाटे दुरुस्त करून घेतले, पीयूसी काढून घेतली. दोन दिवसांत साचा त्याच्या तोंडात बसला, कारण वाक्यं त्याची स्वतःची होती.

वस्तूच्या जागी माणूस आला की तिसऱ्या रूपाऐवजी ‘टु’ लावून साधं क्रियापद येतं: ‘आय गॉट हिम टु साइन.’ त्याला सही करायला लावली. पण कशी लावली? मराठीतल्या ‘लावली’त जबरदस्ती असू शकते, गोडीगुलाबीही असू शकते. इंग्रजीत वाटा फुटतात. ‘मेड हिम साइन’, भाग पाडलं. ‘हॅड हिम साइन’, सांगितलं आणि त्याने केली, कारण सांगणं माझं कामच होतं. ‘गॉट हिम टु साइन’, पटवलं, समजूत घातली, दोनदा चहा पाजला, पण शेवटी घेतली. आणि बघा, ‘टु’ फक्त ‘गेट’बरोबर आहे, ‘मेक’ आणि ‘हॅव’बरोबर नाही.

नर्सिंगच्या मुलींना मी यावर अर्धा तास देते. जेवायला नको म्हणणारे आजोबा. तुम्ही शेजारी बसलात, नातवाबद्दल विचारलंत, चार घास पोटात गेले. दुसऱ्या नर्सला हे सांगताना ‘आय मेड हिम ईट’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल जबरदस्तीने भरवलं, आणि तिकडे पेशंटवर जबरदस्ती हा गंभीर मामला आहे. ‘आय गॉट हिम टु ईट’ म्हणालात तर तुमचं कौशल्य दिसतं. लेखी नोंद करायची असेल तर ‘गेट’ही नको, ‘पर्सुएडेड हिम टु ईट’ लिहा. कागदावर ‘गेट’ फार सैल वाटतं. नोकरीच्या अर्जात, ऑफिसच्या पत्रात ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ हे इस्त्री केलेले शब्द घाला. बोलताना मात्र ते घालू नका, घरात बूट घालून फिरल्यासारखं होतं.

तिसरं रूप थेट ‘गेट’ला चिकटलं, मध्ये वस्तू नाही, तर काम आपल्यावर झालेलं असतं. बहुतेक वेळा न सांगता, आणि बरेचदा वाईट. ‘माय फोन गॉट स्टोलन’, चोरीला गेला. ‘ही गॉट कॉट’, पकडला गेला. मराठीतलं हे ‘गेला’ डोक्यात ठेवा, काम होतं. ‘गेट पेड’, पगार होणे, हा त्यातला एक सुखाचा अपवाद.

उरला ‘टु’. माझ्या मते मराठी माणसाला हे सगळ्यात सोपं जावं, पण कुणी सांगत नाही म्हणून अवघड जातं. ‘आय गॉट टु सी द सी.’ समुद्र पाहायला मिळाला. पाहायला मिळणे, खायला मिळणे, बोलायला मिळणे, हे सगळं ‘गेट टु’. शब्दाला शब्द जुळतो. एवढा सरळ मेळ इंग्रजी-मराठीत क्वचित सापडतो. उलट बाजूला ‘हॅव गॉट टु’ आहे: ‘आय हॅव गॉट टु गो’, जायला लागतंय. एका ‘हॅव’ने ‘मिळालं’चं ‘लागलं’ होतं. रविवारी ओव्हरटाइम करायला मिळाला आणि रविवारी ओव्हरटाइम करायला लागला, या दोन वाक्यांतला फरक कारखान्यातल्या माणसाला समजवावा लागत नाही. पहिला माणूस म्हणेल ‘आय गॉट टु वर्क ऑन संडे’, दुसरा ‘आय हॅड टु’. होऊन गेलेल्या सक्तीला ‘हॅड टु’च, हे लक्षात असू द्या. बोलताना ‘हॅव’चा नुसता ‘व्ह’ उरतो, अमेरिकेत तोही गळून ‘गॉटा’ होतं, म्हणून कान तिखट हवा.

समजणे हा अर्थ तुम्हाला येतोच. ‘गॉट इट?’ ‘आय डोन्ट गेट इट.’ विनोद झाला आणि सगळे हसले पण तुम्ही नाही, तेव्हा हेच वाक्य. पुढे नेऊ नका, समजावलेला विनोद शिळ्या भज्यासारखा लागतो.

मग ‘अप’, ‘ओव्हर’, ‘बाय’ असली शेपटं लागलेली रूपं. बाजारात त्यांचे तक्ते मिळतात, शंभर-शंभर रूपांचे. घेऊ नका. मी सहाच शिकवते, कारण त्या सहांना मराठीत अगदी नेमके जोड आहेत. ‘गेट ऑन विथ’, पटणे. सासूशी पटतं का, ते हेच. ‘गेट बाय’, भागवणे. एवढ्या पगारात भागतं. ‘गेट ओव्हर’, सावरणे. ‘गेट रिड ऑफ’, ब्याद घालवणे. ‘गेट अवे विथ’, पचणे. खाल्लेली लाच पचली, असं आपण म्हणतो ना, तेच. आणि माझं लाडकं ‘गेट अराउंड टु’, मुहूर्त लागणे. माळा आवरायचा दोन वर्षं म्हणतेय, मुहूर्त लागत नाही: ‘आय हॅवन्ट गॉट अराउंड टु इट.’ बाकीची कानावर पडतील तेव्हा पडतील. ‘वी विल गेट बॅक टु यू’ तेवढं ओळखून ठेवा, ते ‘कळवतो’ आहे, आणि आपल्याकडच्या ‘कळवतो’इतकाच त्याचा भरवसा.

सराव असा करा. शंभर पानी वही घ्या, डावीकडची पानं कोरी सोडा. इंग्रजी बातम्या, क्रिकेटचं समालोचन, मालिका, काहीही ऐकताना ‘गेट’ आलं की उजवीकडे अख्खं वाक्य लिहा, नुसता शब्द नको. ‘गेट’च्या पुढचा शब्द लाल पेनने अधोरेखित करा. रोज तीन वाक्यं पुष्कळ झाली. आठवड्याने डावीकडे मराठी लिहा, आणि त्यात ‘मिळणे’ आलं तर स्वतःला विचारा, मी हे घरी असंच बोलले असते का? ‘अंधार मिळाला’ असं कुणी बोलत नाही. मराठी जिथे खटकतं तिथे इंग्रजी चुकीचं समजलेलं असतं. माझ्या अनुभवात दुसऱ्या वहीची गरज कुणाला लागली नाही. पहिलीच अर्धी उरते, ती भाऊ-बहीण हिशेबाला वापरतात.

जाता जाता एक घरचा अभ्यास. ही पाच वाक्यं इंग्रजीत करा, पाचही ‘गेट’ने होतात. माझी गाडी दुरुस्त करून घ्यायची आहे. पावसाने शेंगा भिजल्या. आजीला औषध घ्यायला कसंबसं राजी केलं. शेवटी मला खिडकीजवळ बसायला मिळालं. पाचवं, कुंभार्ली घाटात मला बस लागली. या पाचव्याला माझ्या ओसरीवर एकाने लिहिलं होतं, ‘आय गॉट अ बस.’ तेही इंग्रजी बरोबरच आहे, फक्त तो चिपळूणच्या स्टँडवर उभा आहे आणि त्याच्या पोटात काहीही ढवळत नाहीये.